कापलेली पट्टी

वरसावे नाक्याजवळ, हायवेवरून जरा आत, माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र भाड्याच्या खोलीत राहतात. तिघेही पदवीच्या शेवटच्या वर्षाला. त्यातल्या एकाला ताप आला म्हणून मी मऊ भात घेऊन गेले. "मावशी, औषध दिलंय त्याला," असं म्हणत भाच्याने बिस्किटांचा डबा पुढे केला. माझी बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे गेली आहेत. असा डबा दिसला की मी तो उपडा करणारच.

वर्तमानपत्रावर बाम पडला, आईने बांधून दिलेली ओव्याची पुडी पडली, ओआरएसचं अर्धं फाडलेलं पाकीट पडलं. (ते अख्खं पाकीट लिटरभर पाण्यात घालायचं, हे त्यावरच लिहिलेलं. ही पोरं ते चवीपुरतं ग्लासात टाकतात, लिंबू सरबतासारखं.) बाकी सगळे गोळ्यांच्या पट्ट्यांचे तुकडे. "चारच द्या" म्हटलं की आम्हीच कात्री चालवतो. मग नाव एका तुकड्यावर राहतं, मुदत दुसऱ्यावर.

पोरांची वर्गवारी मात्र पक्की होती. ही तापाची, ही अंगदुखीची, ही सर्दीची. सुदैवाने या तिन्हींच्या तुकड्यांवर मजकूर शिल्लक होता. मी चष्मा लावून वाचला. तापाची डोलो, म्हणजे पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम. अंगदुखीची कॉम्बिफ्लाम : आयबुप्रोफेन 400, पॅरासिटामॉल 325. सर्दीच्या गोळीत इतर दोन औषधांबरोबर पुन्हा पॅरासिटामॉल, 500.

"म्हणजे तिन्ही एकच?" भाच्याने विचारलं.

एकच नव्हेत, पण एक औषध तिन्हींत. तिन्ही गोळ्या दिवसातून तीनदा द्यायचा त्यांचा बेत होता. तिघांतल्या कॉमर्सवाल्याने मोबाइल न काढता बेरीज केली : 4425. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4000 च्या वर जायचं नाही. जास्तीचा मार यकृतावर बसतो, आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. आजारी पोराने अजून एकच फेरी घेतली होती, म्हणून मी निवांत बसले.

मग दुधाचा विषय निघाला. गोळी उष्ण पडते म्हणून वर कपभर दूध, हा तिघांच्याही घरचा शिरस्ता. तापाच्या गोळीला दुधाने काही बिघडत नाही. पण डब्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक गोळीही होती. दुधातलं कॅल्शियम ती धरून ठेवतं, मग पोटात गेलेल्यातली कमीच रक्तात पोचते. "आईला सांगू नकोस हां," भाचा मित्राला म्हणाला, "ती मावशीला फोन करेल."

त्याच तुकड्याच्या मागच्या बाजूला उभी लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, एवढाच तिचा अर्थ. "मला वाटलं डिझाइन आहे," कॉमर्सवाला म्हणाला. चिठ्ठी कुठाय? चिठ्ठी मागच्या वर्षीची, दुसऱ्याच मित्राची. त्याला तिसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेला' म्हणून डब्यात आल्या.

नुसत्या पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या आणायला मी कॉमर्सवाल्याला नाक्यावर पिटाळलं. "नाव वाचून आण," असं बजावलं. हायवे ओलांडून यायला त्याला अर्धा तास लागला. आल्या आल्या त्याने मूठ उघडली. दोन गोळ्या, मागे कोरी चंदेरी पट्टी.

"वाचलं ना मी, मावशी," तो म्हणाला, "पण नाव त्यांच्याकडच्या तुकड्यावर राहिलं."