भरतीच्या पातळीखालचं बेट

पणजीच्या पाटोवरून सायकल रायबंदरच्या दिशेला वळवली की पुढचे सुमारे तीन किलोमीटर चढ नाही, उतार नाही. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला जुन्या मिठागरांचे चौकोन आणि त्यांत शिरू पाहणारी खारफुटी. हा बांधीव रस्ता 1633-34 मधला. व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या हा लिन्हारिसचा काउंट, म्हणून रस्त्याचं नाव पोंते द लिन्हारिस. दलदलीतून बांधलेला जवळपास चारशे वर्षांपूर्वीचा सेतू आजही बसगाड्यांचं ओझं पेलतो, हे त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांच्याही फारसं ध्यानात नसतं. शनिवारी सकाळी गोव्यात उतरलेली बहुतेक पर्यटक मंडळी उत्तरेला, किनाऱ्यांकडे धावतात. आम्ही पूर्वेला निघालो, नदीच्या पोटात शिरायला. रविवारी संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं बेट तिथे आहे. त्याचं नाव दिवाडी.

रायबंदरच्या धक्क्यावरून दोन फेरीबोटी सुटतात, एक चोडणला आणि एक दिवाडीला. नवख्या माणसाने आधी विचारून घ्यावं, कारण आम्ही गेलो तेव्हा दोन्ही बोटी दिसायला सारख्याच होत्या, पत्र्याच्या सपाट आणि पुढे लोखंडी फळी असलेल्या. फळी खडखडत खाली पडते, आधी दुचाक्या उतरतात, मग माणसं, मग मोटारी. पायी माणसाला तिकीट नव्हतं, आणि आमच्या सायकलींचेही कुणी पैसे मागितले नाहीत. तिसरी फेरी जुन्या गोव्याहून. व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ गेलं की तिचा धक्का लागतो. चौथी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्वेची, डिचोली तालुक्यात उतरवणारी. बेटावर यायचं किंवा बेट सोडायचं तर नदी ओलांडायलाच हवी.

दिवाडीबद्दल लिहिणारे बहुतेक लोक एकच वाक्य लिहितात, की इथे काळ थांबला आहे. जुनी घरं, मोकळे रस्ते, बगळे, शांतता पाहून तसं वाटतं खरं. पण सायकलवरून, म्हणजे जमिनीच्या अगदी जवळून पाहिलं तर हे वाक्य टिकत नाही. धक्क्यापासून गावाकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा उंच आहे, आणि शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. ही जमीन माणसांनी खाडीकडून काढून घेतलेली आहे. एक हंगाम दुर्लक्ष झालं तर खाडी ती परत घेते. ज्याला आपण शांतता म्हणतो तिच्यामागे शतकानुशतकांचं बांधबंदिस्तीचं काम आहे. आणि आता त्या शांततेचा काही भाग माणसं निघून गेल्याचाही आहे.

या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. नदीकाठाने मातीचा बांध घालायचा, त्याच्या पोटात पेंढा, लाकूड आणि दगड भरायचा, बाहेरच्या अंगाला खारफुटी राखायची म्हणजे लाटांचा मार तिच्यावर जातो. बांधाला ठरावीक जागी दार. त्या दाराला मानस म्हणतात. माळार गावाच्या बाजूला एका मानसीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. जांभ्या दगडाची चौकट, तिच्यात लाकडी झडपा, बिजागऱ्यांवर सैल सोडलेल्या. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा दाब झडपांना आत ढकलून चौकटीवर बसवतो आणि दार बंद होतं. ओहोटी लागली की आतलं साठलेलं पाणी त्याच झडपांना बाहेर लोटतं आणि दार उघडतं. मोटार नाही, पहारेकरी नाही. चंद्रच ही दारं उघडतो नि लावतो, असं म्हटलं तरी चालेल. झडपांच्या कडांवर कालवांची रांग बसली होती आणि फटीतून पाण्याची बारीक धार शेताकडे चिळकत होती. तेवढी गळती चालते, असं शेजारी जाळं नीट करत बसलेल्या गड्याने सांगितलं. तो ओहोटीची वाट पाहत होता. ओहोटीला मानसीच्या तोंडाशी जाळ्याची पिशवी बांधली की पाण्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि मासळी आपणहून आत येते.

खाजनाचं अर्थकारण या जाळ्याभोवती फिरतं. पावसाळ्यात भात, पाऊस सरला की मासळी, असा हिशेब. पहिल्या सरींनी मातीतलं मीठ धुऊन निघालं की कोरगुटाची पेरणी होते. कोरगुट हे खारेपण सोसणारं जुनं भात. दाणा जाड, तांबूस, पेजेला उत्तम. पण मानसीतल्या मासळीचा हक्क लिलावाने जातो आणि कित्येकदा त्याला भातापेक्षा चांगला पैसा मिळतो. मग मासळीच्या लोभाने झडपा मुद्दाम उघड्या ठेवल्या जातात, खारं पाणी शेतात शिरतं आणि भात जळतं. खाजनाच्या गावांत ही तक्रार जुनी आहे. एकाच दारातून दोन पिकं येतात आणि ती एकमेकांच्या मुळावर उठतात. पूर्वी हा तंटा गावकरी सोडवत असे. गावकरी म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीची मूळ घराण्यांनी चालवलेली व्यवस्था. बांध राखणं, मानस दुरुस्त करणं, लिलाव करणं, देवस्थानाचा खर्च भागवणं हे सगळं तिच्याकडे. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली, पण ही रचना मोडण्यात तोटा आहे हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. 1526 मध्ये अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकरीचे रिवाज एका सनदेत लिहून काढले. मंदिरं पाडणाऱ्या राजवटीने बांधांचा कायदा मात्र जसाच्या तसा ठेवला, कारण महसूल त्याच बांधांच्या आत पिकत होता. पुढे गावकरी कोमुनिदाद झाली, मुक्तीनंतर 1964 च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्यांना संरक्षण मिळालं आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. कूळ कायदा न्यायाचा होता, यात मला शंका नाही. पण बांधाला भगदाड पडल्यावर रात्रीच्या रात्री गाव गोळा करणारी जी जुनी सक्ती होती, तिची जागा कागदोपत्री संघटना घेऊ शकली नाही. त्यात मांडवीतून खनिजाचे बार्ज जात. त्यांच्या लाटांनी काठ खचतो असं शेतकरी सांगत आले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. या उलटसुलटीची चर्चा गोव्यात पोटापाण्याच्या अंगाने झाली. बांधांच्या अंगाने झाली ती फार थोडी.

पडीक खाजन ओळखायला शिकलं की मग सगळीकडे तेच दिसतं. हिरवं असतं, पण भाताचं हिरवं नव्हे. चौकोनी बांधांच्या मधोमध खारफुटीची रोपं उभी राहिलेली असतात. निसर्गप्रेमी पाहुणा खूश होतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही. शेजारच्या चोडण बेटाच्या टोकाला खारफुटीतच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1.78 चौरस किलोमीटरचं, 1988 मध्ये घोषित झालेलं. तिथली खारफुटी तिच्या जागी आहे. शेतातली खारफुटी मात्र कुणीतरी शेत सोडल्याची खूण आहे.

माणसं गेली कुठे? आधी मुंबईला, मग आफ्रिकेला, आखातात, अलीकडे पोर्तुगालमार्गे इंग्लंडला. पिएदाद आणि माळारच्या रस्त्यांवर कमानीच्या बल्कांवांची म्हणजे ओसऱ्यांची, नक्षीदार खिडक्यांची घरं एकापाठोपाठ एक लागतात. त्यांतल्या कितीतरी घरांना कुलूप, अंगणात माड आणि माजलेली घाणेरी. परदेशी जाणं इथे नवं नाही. याच बेटावर 1676 मध्ये जन्मलेला जाकोम गोन्साल्विस नावाचा पाद्री 1705 मध्ये सिलोनला गेला. सिंहली आणि तमिळ शिकून त्याने सिंहलीत इतकं लिहिलं की तिथल्या ख्रिस्ती साहित्यात त्याचं नाव पहिल्या मानाने घेतात. 1742 मध्ये तो तिकडेच वारला. दिवाडीत त्याची आठवण काढणारे थोडे, श्रीलंकेत अधिक.

सकाळी आणि संध्याकाळी एक सायकलवाला मात्र बेटावर हमखास भेटतो, तो म्हणजे पदेर, पाववाला. हँडलला रबरी भोंगा, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली, तिच्यात पोई आणि उंडे. भोंगा वाजला की जिथे माणसं आहेत ती दारं उघडतात. आम्ही थोडा वेळ त्याच्या मागोमाग गेलो. कुठल्या घरात माणूस आहे आणि कुठल्या नाही याची त्याच्याइतकी चोख खानेसुमारी सरकारकडेही नसेल.

पिएदादची टेकडी हा बेटावरचा एकच दमवणारा चढ. साधी सायकल असेल तर उतरून ढकलावी, त्यात कमीपणा नाही. वर नोसा सेन्योरा द पिएदादचं चर्च आहे, 18 व्या शतकाच्या सुरुवातीचं, पांढरंधोप. समोर उभं राहिलं की खाली खाजनाचा पट, मांडवी, पलीकडे जुन्या गोव्यात से कॅथेड्रल आणि सेंट कॅजेटनचा घुमट, हे सगळं एका नजरेत येतं. चर्चच्या मागच्या दफनभूमीत छोटं चॅपेल आहे. त्याच्या छताला जुन्या मंदिराचं कदंबकालीन कोरीव काम शिल्लक आहे. ही टेकडी गणपतीची होती. बेटावरच्या गोलती-नावेलीचा तो महागणपती आज माशेलजवळ खांडोळ्यात आहे. चोडणचा देवकीकृष्ण माशेलात आहे. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या, देवांना 16 व्या शतकात नदीपार जावं लागलं. फोंडा आणि माशेल परिसरातल्या मंदिरांच्या रांगा पाहायला आपण जातो तेव्हा एका अर्थी या बेटांचा मोडलेला संसारच पाहत असतो.

सप्तकोटीश्वराची गोष्ट या सगळ्यांत मोठी. गोव्याच्या कदंबांचं हे राजदैवत. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरच्या लेखात सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे. बहामनी काळात मंदिर मोडलं. गोवा विजयनगरकडे आल्यावर माधव मंत्र्याने त्याचा जीर्णोद्धार केला. 1540 च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते पाडलं. लिंगाचा दगड विहिरीवर पाणी शेंदण्यासाठी लावला होता आणि भक्तांनी तो गुपचूप नदीपार नेला, असं परंपरा सांगते. रविवारी सकाळी आम्ही बेटाच्या ईशान्य टोकाला, मूळ नार्व्याला गेलो. तिथे कोटीतीर्थाची पडकी तळी आहे, जांभ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, आजूबाजूला रान. मंदिर गेलं, लिंग गेलं, तरी गोकुळाष्टमीचं नदीस्नान गेलं नाही. त्या दिवशी नार्व्याला आजही लोक स्नानाला येतात. मला या बेटाच्या इतिहासात सगळ्यांत चिवट वाटली ती ही गोष्ट. दगड हलवता येतो, घाट हलवता येत नाही.

फेरीने पलीकडे उतरलं की गावाचं नावही नार्वेच. देवाबरोबर नावही नदी ओलांडून गेलं. थोड्या चढ-उताराच्या सावलीच्या रस्त्याने देऊळ लागतं. शके 1590, कार्तिक वद्य पंचमी, म्हणजे 13 नोव्हेंबर 1668 रोजी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवालयाच्या कामाला आरंभ झाला, असा शिलालेख दारावर आहे. पलीकडच्या काठावर पोर्तुगिजांची सत्ता. तिने पाडलेल्या देवाचं देऊळ तिच्या डोळ्यांसमोर, नदीच्या या काठावर उभं करायचं, यातला राजकीय अर्थ गोव्यातल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. भव्यता मात्र कुठे नाही. उतरतं कौलारू छप्पर, बुटका घुमट, अंगणात दीपस्तंभ. गोवा सरकारने केलेल्या डागडुजीनंतर फेब्रुवारी 2023 मध्ये मंदिर पुन्हा खुलं झालं. काम बरं झालं आहे. संगमरवर आणि स्टीलचे कठडे यांच्या मोहातून हे देऊळ सुटलं, यासाठी संबंधितांचे आभार मानायला हवेत.

नार्व्याहून पुन्हा बेटावर येऊन परतीची बोट आम्ही जुन्या गोव्याची धरली. बेटाच्या मधून कोकण रेल्वेचा भराव जातो. गाडी धडधडत निघून जाते, दिवाडीत थांबत नाही, मांडवी ओलांडून करमळीला थांबते. पुण्या-मुंबईहून सायकल घेऊन येणाऱ्याला करमळी सोयीचं, तिथून धक्का जवळ. रेल्वेचा मार्ग ठरत होता तेव्हा, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, गोव्यात मोठं आंदोलन झालं होतं. खाजनातून भराव घातला तर पाण्याच्या वाटा अडतील, ही त्यातली एक भीती होती.

आता चर्चा पुलाची. पूल झाला की बेट बिल्डरांच्या घशात जाईल, असं सांगणारे बेटावर आहेत, आणि शहरातून शनिवार-रविवार येणारे आमच्यासारखे पाहुणे या बाजूला सहज जाऊन बसतात. फेरीबोट राहावी, रस्ते मोकळे राहावेत, आपण सायकली फिरवाव्यात, हे आपल्या सोयीचं आहे. जुन्या गोव्याच्या बोटीत कठड्याला टेकून उभ्या असलेल्या एका आजींना मी विचारलं, पूल हवा की नको? त्यांनी माझ्या सायकलीकडे पाहिलं आणि उलट मलाच विचारलं, "आणि पुता, मध्यरात्री कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन आम्ही कुठल्या बोटीची वाट बघायची?"