नांवाआधींचें विशेषण

जो मनुष्य खरोखरच प्रसिद्ध आहे त्याला ‘सुप्रसिद्ध’ म्हणण्याचें प्रयोजन काय? आणि जो तसा नाहीं, तो केवळ तसें छापल्यानें प्रसिद्ध होतो काय? मासिकाचें वा साप्ताहिकाचें पान उलटतांना ही शंका यावयास हवी. पण हें विशेषण डोळ्यांखालून इतक्या सहज सरकतें कीं तिकडे लक्षच जात नाहीं.

साप्ताहिकी लेखनांत या संवयीला विशेष प्रतिष्ठा दिली ती अमेरिकेच्या ‘टाइम’नें. येल विद्यापीठांत बरोबर शिकलेल्या हेन्री ल्यूस व ब्रिटन हॅडन या दोघां तरुणांनीं तें १९२३ च्या मार्चमध्यें काढलें. हॅडनला होमरचा मोठा नाद. ‘इलियड’च्या भाषांतराच्या आपल्या प्रतींत तो जोडविशेषणांच्या खुणा करून ठेवी, आणि मग होमरच्या वीरांचा थाट मंत्र्यांना व कारखानदारांना चढे, कोणी बारीक डोळ्यांचा, तर कोणी वेड्यावांकड्या दातांचा. आपल्याला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. भीमाला वृकोदर आणि अर्जुनाला श्वेतवाहन म्हणणाऱ्या महाभारतावर आपण वाढलों. मात्र भेद आहे. भीमाची भूक वाचकाला पर्वापर्वांतून भेटते, म्हणून ‘वृकोदर’ हें त्याला शोभतें. वृत्तांतला मनुष्य अर्ध्या स्तंभापुरता भेटतो, आणि मग त्याचे दांत तेवढे लक्षांत राहतात!

‘फेम्ड’ म्हणजे आपलें ‘सुप्रसिद्ध’. इंग्रजींत ‘प्रसिद्ध कवि अमुक’ असें म्हणावयाचें तर आरंभीं ‘द’ हें उपपद घालण्याची रीत होती. ‘टाइम’नें तें गाळलें. त्यामुळें विशेषण आणि व्यवसाय मिळून ‘न्यायमूर्ति’, ‘डॉक्टर’ यांसारखी जणूं एक पदवीच नांवाला चिकटली. हा प्रकार पुष्कळ इंग्रजी वाचकांना खटकला. १९३६ सालीं वोल्कॉट गिब्ज यानें ‘न्यूयॉर्कर’मध्यें या साऱ्या शैलीची यथेच्छ टर उडविली. मराठींत उपपदच नाहीं. ‘सुप्रसिद्ध गायक अमुक’ ही रचना आपल्या घरचीच, म्हणून ती आपल्याला कधीं टोंचत नाहीं. (जातां जातां सांगावयाचें तर आपला ‘पंडित’ इंग्रजी पत्रसृष्टींत रुळविण्याचें श्रेयही पुष्कळसें याच साप्ताहिकाकडे जातें, तेथें गेल्यावर बिचाऱ्याला वेदान्त सोडून निवडणुकीचीं भाकितें करावीं लागलीं.)

येथवर हा केवळ शैलीचा विनोद झाला. परंतु विशेषण बातमीच्या आधीं निकाल देऊन मोकळें होतें, ही गोष्ट विनोदाची नव्हे. १९६५ सालीं जॉन मेरिल या अभ्यासकानें ट्रूमन, आयसेनहॉवर व केनेडी या तीन राष्ट्राध्यक्षांविषयींचें ‘टाइम’मधील लेखन तपासलें. कोणतें विशेषण कोणाच्या वांट्याला आलें, कोण ‘म्हणाला’ आणि कोण ‘खेंकसला’, असे शब्द त्यानें वेंचले. ट्रूमनविषयींचा कल प्रतिकूल, आयसेनहॉवरविषयींचा अनुकूल आणि केनेडींच्या बाबतींत बराचसा समतोल, असें त्याला दिसून आलें. यासाठीं घटना खोटी सांगावी लागत नाहीं, हेंच यांतलें मर्म. बातमी खरी असूनही वाचकाचें मत मात्र दुसऱ्यानें बनविलेलें असतें.

आपल्याकडे ‘ज्येष्ठ’ या शब्दाची गत पहा. ज्येष्ठ बंधु म्हणजे वडील भाऊ. येथें जन्मसाल विचारतां येतें. न्यायालयांतली ज्येष्ठताही नेमणुकीच्या तारखेवरून ठरते. पण ‘ज्येष्ठ विचारवंत’? ही ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून मोजावयाची? ‘तथाकथित’ याच्या उलट. एका शब्दानें समोरच्याची पत काढून घेतां येते आणि पुरावा देण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाहीं.

घरांत संध्याकाळीं कोणी वृत्त मोठ्यानें वाचीत असेल, तर पेन्सिल घेऊन एक खेळ करून पाहण्यासारखा आहे. नांवाआधींचीं सारीं विशेषणें खोडावीं आणि मजकूर पुन्हां वाचावा. ‘निवृत्त’ खोडलें कीं अर्थ बिघडतो, कारण तो मनुष्य आतां पदावर नाहीं हें वाचकाला कळावयास हवें. ‘बडतर्फ’ खोडलें तर बातमीच उरत नाहीं. ‘सुप्रसिद्ध’ मात्र खोडून पहावें. मुलांपैकीं कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं.