एका आखाताचे आडनाव

यंदा पेसाहनंतर आमच्या वडीलधाऱ्या मंडळींची सहल ग्रीसमधील सलोनिकीला जाऊन आली. निघण्यापूर्वी आम्हा सर्वांना इंग्रजीत छापलेली एक माहितीपुस्तिका मिळाली होती. तिच्यात एका पानावर ‘थर्मेइक गल्फ’, दुसऱ्यावर ‘गल्फ ऑफ सलोनिका’ आणि नकाशावर ‘गल्फ ऑफ थेस्सलोनिकी’ असे लिहिलेले. आमच्यातील एका बाईंनी लगेच विचारले, “मग बोटीचे तिकीट तीनदा काढायचे काय?” सगळे हसले, पण नीट उत्तर कोणालाच देता येईना. घरी येऊन पुस्तके चाळली, तेव्हा जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पाणी एकच आहे. एजियन समुद्राच्या वायव्य कोपऱ्यात हे आखात जमिनीत शिरले आहे. पूर्वेला खाल्किदिकी द्वीपकल्प, पश्चिमेला ऑलिंपस पर्वत आणि अगदी आतल्या टोकाला सलोनिकी शहर. हवा स्वच्छ असली की शहराच्या धक्क्यावरून पाण्यापलीकडे ऑलिंपस दिसतो. काटेकोर नकाशांत ‘गल्फ ऑफ थेस्सलोनिकी’ म्हणजे शहरासमोरचा आतला भागच तेवढा. सबंध आखाताचे आजचे इंग्रजी नाव ‘द थर्मेइक गल्फ’.

हे ‘थर्मेइक’ ऐकून आम्हाला थर्मामीटर आठवला, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. ग्रीक भाषेत ‘थेर्मी’ म्हणजे उष्णता. पण आखाताचे पाणी काही गरम नाही. येथे पूर्वी थेर्मा नावाचे गाव होते. जवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून गावाला ते नाव पडले असावे, असे मानतात. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणचा बादशहा झर्क्सीस ग्रीसवर चालून गेला, तेव्हा त्याचे सैन्य व आरमार या थेर्माशी थांबले होते. आपल्या मेगिल्लातील अहश्वेरोश तो हाच, असे बरेच विद्वान म्हणतात. ही हकीकत लिहिणारा हेरोडोटस स्पष्ट सांगतो की आखाताला नाव मिळाले ते या गावावरून.

पुढे इ. स. पूर्व ३१५ च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा कसांडर याने आसपासच्या वस्त्या मोडून एक नवे शहर वसवले आणि त्याला आपल्या राणीचे, म्हणजे शिकंदराच्या सावत्र बहिणीचे, नाव दिले: थेस्सलोनिकी. थेर्मा गेले. ते नेमके कुठे होते यावर अभ्यासकांचा अजून वाद चालू आहे. आखाताचे नाव मात्र राहिले.

हे आपल्याला समजायला सोपे आहे. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, चौलचे ते चेऊलकर. चौल एके काळी मोठे बंदर होते, आज ते एक गाव आहे. आणि ज्यांनी चौल कधी पाहिले नाही अशी मुले इस्राएलमध्ये ते आडनाव लावून शाळेत जातात. ग्रीकांचा ‘इकॉस’ हा प्रत्यय बराचसा आपल्या ‘कर’सारखा चालतो. थेर्माचा तो थेर्माइकॉस. इंग्रजीत शेवटचा ‘ऑस’ गळतो आणि ‘थर्मेइक’ उरते. उच्चारताना जोर ‘मे’वर द्यायचा. अथेन्सजवळच्या सारोनिकॉसचे ‘सारोनिक गल्फ’ झाले तेही असेच.

यातून लिहिण्याचा नियम निघतो. ‘पेणकर आले’ म्हटले की आपले भागते, तसे ग्रीक लोक नुसते ‘थेर्माइकॉस’ म्हणतात. इंग्रजीत तसे चालत नाही, पुढे ‘गल्फ’ व मागे ‘द’ लावावेच लागते. उलट ‘गल्फ ऑफ’ लिहिले तर त्यापुढे गावाचे नाव हवे, आडनाव नव्हे. म्हणून ‘गल्फ ऑफ सलोनिका’ बरोबर, ‘गल्फ ऑफ थर्मेइक’ चूक. गंमत अशी की ‘गल्फ’ हा शब्दसुद्धा मूळचा ग्रीकच. ‘कोल्पॉस’ म्हणजे ऊर, कुशी. त्याचे इटालियनमध्ये ‘गोल्फो’ झाले आणि मग इंग्रजीत ‘गल्फ’. आपल्या हिब्रू ‘मिफ्रात्स’मध्ये मात्र कुशी नाही, खिंडार आहे. तमारच्या पेरेसचे नाव ज्या धातूवरून आले, त्याच धातूवरून हाही शब्द आला.

मग जुन्या पुस्तकांत ‘गल्फ ऑफ सलोनिका’ का? कारण १९१२ पर्यंत शहर तुर्कांकडे होते आणि इंग्रज त्याला सलोनिकाच म्हणत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौज तेथे उतरली तीही ‘सलोनिका’ला. त्या काळची हकीकत लिहिताना ते नाव चूक म्हणता येणार नाही. आमच्या मते तर तेच योग्य. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले आपले बांधव या शहरात आले, आणि पुढे हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत बंदरावर इतके यहुदी होते की शब्बाथला बंदर बंद राहत असे. १९३३ साली अब्बा हुशी तेथे जाऊन गोदी कामगारांना हैफाला बोलावून आले. त्याच वर्षी हैफाचे नवे बंदर सुरू झाले. जे आले ते वाचले. १९४२ च्या डिसेंबरात सलोनिकीचे यहुदी कबरस्तान उद्ध्वस्त करण्यात आले आणि नावे कोरलेले दगड बांधकामाला गेले. १९४३ मध्ये पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसे आगगाडीने ऑशविट्झला नेण्यात आली. कबरस्तानाच्या जागेवर आज विद्यापीठ आहे.

आमच्या सहलीच्या अल्बममध्ये बोटीवरच्या फोटोखाली इंग्रजीत ‘द थर्मेइक गल्फ’ असे लिहिले आहे. जुन्या बंदराच्या धक्क्यावर आम्ही सर्वांनी मिळून कद्दीश म्हटला, त्या फोटोखाली ‘द गल्फ ऑफ सलोनिका’ असे लिहिले. बोटीचे तिकीट एकदाच काढावे लागले.