एकास चोवीस

दिवाळीच्या किल्ल्यावर एक गोष्ट कुणालाच खटकत नाही. महादरवाजा वीतभर उंच आणि त्यात उभा असलेला पहारेकरी दीड वीत. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई शेजारच्या झाडापेक्षा थोराड, आणि गुहेतला वाघ तिच्या कळशीएवढा. बाजारात मिळाले त्या मापाचे मावळे आणायचे, दगडविटांवर गोणपाट टाकून चिखल लिंपायचा, अळीव पेरायचे, झाला किल्ला. मीही असे सात-आठ किल्ले केले. मग एका सुट्टीत नातेवाइकांच्या घरी काचेच्या कपाटात एक लाल गाडी पाहिली. लांबी जेमतेम माझ्या वितीएवढी. काचेला नाक लावून आत डोकावलो, तर स्पीडोमीटरवर आकडे दिसत होते. त्या दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे मला पहिल्यांदा खटकले.

ती गाडी दुकानातून तयार आणलेली नव्हती. ते ‘किट’ होतं. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शे-दीडशे सुटे भाग, चार टायर, पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं आणि एक घडीपत्रक. बाकी कापणं, घासणं, रंगवणं, जोडणं घेणाऱ्याने करायचं. धातूच्या तयार गाड्या जमवणाऱ्यांचा पंथ वेगळा. हा लेख सुटे भाग विकत घेऊन रात्री जागवणाऱ्यांबद्दल आहे.

न आटणाऱ्या गोष्टी

खोक्यावर १/२४ छापलेलं असतं. आम्ही बोलताना ‘एकास चोवीस’ म्हणतो. खऱ्या गाडीचे चोवीस सेंटीमीटर म्हणजे मॉडेलचा एक. हे माप फूट-इंचाच्या हिशेबातून आलं: फुटाला अर्धा इंच. १/१२ म्हणजे फुटाला एक इंच. अमेरिकी कंपन्यांनी मात्र १/२५ धरलं. युरोपातल्या धातूच्या गाड्यांचं १/४३ हे खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आलं. ओ गेजच्या ब्रिटिश गाड्या फुटाला सात मिलिमीटर या मापाने बनत, आणि त्यांच्या स्टेशनाबाहेर शोभतील अशा मोटारी त्याच हिशेबात निघाल्या.

भागाकार सोपा आहे. अडचण अशी, की काही गोष्टी लहान व्हायला तयारच नसतात. गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड. त्याला चोवीसने भागलं तर उरतात तीन शतांश मिलिमीटर, आणि इतकं पातळ प्लॅस्टिक साच्यात धड भरतही नाही. किटमधली बॉडी एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते. म्हणजे खऱ्या गाडीला इंचभर जाडीचा पत्रा ठोकल्यासारखी. म्हणून चाकांवरच्या कमानी आतून घासून कडेला पातळ करायच्या, कारण डोळ्याला जाडी दिसते ती कडेवरच. मेटॅलिक रंगातले चमकते कणही आटत नाहीत. खऱ्या गाडीचा रंग मॉडेलवर मारला की बॉनेटवर खडी अंथरल्यासारखी दिसते. ओल्या रंगावर बसलेला दोन मिलिमीटरचा कापसाचा तंतू त्या मापात दोन इंचांचा दोरा होतो. आणि आपलं स्वतःचं बोट? एकास चोवीसच्या जगात त्याचं टोक कलिंगडाएवढं असतं. त्या कलिंगडाने आरसा चिकटवायचा असतो.

या छंदातलं सगळं कसब म्हणजे अशा न आटणाऱ्या गोष्टींशी केलेली तडजोड.

शोरूममधली छोटी गाडी

मोटारीच्या किटची परंपरा वाढली ती मोटारींच्याच मुलखात, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कंपन्या दरवर्षी गाड्यांचा चेहरामोहरा बदलत. नवी गाडी विकायला विक्रेत्यांना तिचं हुबेहूब छोटं रूप हवं असे: गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला, त्याच्या मुलाच्या हट्टाला खतपाणी घालायला. १९४८ साली सुरू झालेली एएमटी ही कंपनी असली मॉडेल बनवी. नावातलं पहिलं अक्षर ॲल्युमिनियमचं, पण ती लवकरच प्लॅस्टिककडे वळली. हे छोटे नमुने खऱ्या गाडीच्याच रंगछटांत मिळत. १९५८ मध्ये एएमटीने तेच साचे वापरून सुटे भाग खोक्यात घातले. एका खोक्यातून गाडी तीन प्रकारे बनवता येई: कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची, किंवा मनाला येईल तशी नटवलेली. घरोघरच्या पोरांनी आपापल्या जेवणाच्या टेबलावर गॅरेज थाटलं.

या पद्धतीत एक मेख होती. वर्ष सरलं की तोच पोलादी साचा पुन्हा कोरून नव्या वर्षाच्या गाडीसाठी बदलला जाई. गेल्या वर्षीची गाडी साच्यासकट संपली. आज संग्राहक ज्या जुन्या खोक्यांसाठी जीव टाकतात, त्यांतली कित्येक याच कारणाने पुन्हा कधी निघू शकत नाहीत.

त्याच प्रांतात जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी एक स्पर्धा चालवली. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातली घोड्यांची बग्गी तंतोतंत लहान करून बनवायची असे. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार. बक्षीस म्हणून कॉलेजच्या शिष्यवृत्त्या मिळत. १९४७ चा एक विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. कंपनीला लाकूड तासणाऱ्या पोरांमध्ये भावी नोकर दिसत होते, आणि तिचा अंदाज चुकला नाही.

लाकडाच्या वखारीपासून

आज मात्र या छंदाची पंढरी जपानमध्ये आहे: शिझुओका. तामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा या सगळ्यांची घरं या शहरात किंवा त्याच्या आसपास. हे कसं घडलं, याचं मूळ देवळांपर्यंत जातं. तोकुगावा इएयासू या शोगुनचं कुनोझान तोशोगू आणि गावातलं सेंगेन देवस्थान यांच्या बांधकामासाठी जपानभरातून सुतार आणि लाखकाम करणारे आले, आणि काम संपल्यावर इथेच राहिले. हात लाकडावर बसलेला होता. लाकडी सामान, बाहुल्या, खेळणी असं करत तो विमानांच्या आणि जहाजांच्या लाकडी मॉडेलवर आला. लाख आणि लाकूड एका गावात नांदलं की खेळणी जन्माला येतात, हे सावंतवाडीच्या चितारआळीत हिंडलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. फरक पडला तो पुढे, लाकूड सोडून पोलादी साच्यांकडे वळताना.

तामियाची सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीने झाली. १९५१ मध्ये आगीत लाकूड जळालं आणि घर सावरायला मॉडेलचा जोडधंदा मुख्य धंदा झाला. प्लॅस्टिकची लाट आली तेव्हा १९६० मध्ये तामियाने ‘यामातो’ युद्धनौका काढली. प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात आणली आणि पहिलाच डाव फसला. नंतर आला मोटरवर चालणारा जर्मन ‘पँथर’ रणगाडा. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जो आकार ठरला, त्याचं माप निघालं १/३५. बॅटरीच्या सोयीने पडलेला हा आकडा आज जगभरातल्या रणगाड्यांच्या मॉडेलचा दंडक आहे. बॅटरी आटत नाही, म्हणून रणगाड्याने जुळवून घेतलं!

मोटारींत तामियाने नाव काढलं ते १९६७ च्या होंडा फॉर्म्युला वन गाडीच्या १/१२ किटने. पण त्यांच्या हट्टाची खरी गोष्ट पोर्शेची. १९७६ च्या पोर्शे ९३४ चं किट करायचं ठरलं, तेव्हा फोटो आणि आराखड्यांवर कंपनीच्या घराण्यातले शुनसाकू तामिया यांचं समाधान होईना. त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती खिळाखिळी केली. प्रत्येक भाग मोजला, टिपला. मग गाडी पुन्हा जुळेना, तेव्हा पोर्शेच्या जाणकारांना बोलवावं लागलं. किटवर झालेला खर्च भरून काढायला त्याच गाडीची रिमोटवर पळणारी आवृत्ती काढली, आणि रेडिओ कंट्रोल गाड्यांचा एक नवाच धंदा उभा राहिला.

शिझुओका स्टेशनाबाहेर २०२१ पासून एक टपालपेटी आहे. किटच्या चौकटीला जोडलेल्या सुट्या भागांसारखी ती पसरून ठेवली आहे, जणू कुणी निपर ही छोटी पक्कड आणून ती कापावी आणि जोडावी. पत्र मात्र तिच्यात खरंच टाकता येतं.

टेबलावरची रात्र

आता जरा टेबलाजवळ या. चौकटीपासून भाग तोडायचा नसतो. निपरने थोडा देठ ठेवून कापायचा आणि उरलेला देठ ब्लेडने छाटून घासायचा. घाईत ओढला तर भागाचाच टवका निघतो. मग गोंदाशिवाय नुसतं जुळवून पाहायचं, ज्याला सगळे ‘ड्राय फिट’ म्हणतात. गोंदही नावाचाच. लिक्विड सिमेंट प्लॅस्टिकला विरघळवतं आणि दोन भाग एकजीव होतात. ब्रशाचं टोक सांध्याला टेकवायचा अवकाश, द्रव आपोआप फटीत धावतो. बोट चुकून त्या रेषेवर असेल तर अंगठ्याचा ठसा बॉडीवर कायमचा. काचांना हे सिमेंट चालत नाही, आणि फेव्हीक्विकच्या जातीचा गोंद तर मुळीच नाही. त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे शाळेतला पांढरा गोंदच कामाला येतो, कारण तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

रंगाचं शास्त्र वेगळंच. आधी प्रायमर, मग एअरब्रशने पातळ थर, प्रत्येक थराला वाळायला वेळ. दारांच्या आणि बॉनेटच्या फटी रंगाने बुजू द्यायच्या नसतात. त्या नंतर पातळ गडद रंग सोडून उठवायच्या. शेवटी वार्निश, दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायचा, मग पॉलिश. हे सगळं पत्रकात असतं. पत्रकात नसतो तो आपला पावसाळा. लॅकरमधलं थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतं, हवेतली ओल त्यावर बसते आणि काळ्याभोर रंगावर दुधाळ साय धरते. एका जुलैत मी तीन रविवार खर्चून रंगवलेली काळी गाडी सकाळी उठून पाहिली, तर राखेत लोळवल्यासारखी झालेली. तेव्हापासून माझं कॅलेंडर ठरलंय: आषाढ-श्रावणात इंजिन आणि सीटचं किरकोळ काम, बॉडीचा रंग दसऱ्यानंतर.

क्रोमची गंमतही अशीच. बंपरवरचा चकचकीत मुलामा म्हणजे निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा थर. तो बहुधा खऱ्यापेक्षा जास्त चमकतो आणि देठ कापला की तिथे डाग उघडा पडतो. मग कपड्यांच्या ब्लीचच्या वाडग्यात बुडवून सगळा मुलामा उतरवायचा आणि नव्याने रंगवायचा. शेगडीवरचा डबा उतरवावा तसा घरातून कुणीतरी येऊन तो वाडगा उचलून नेतं, हा भाग ज्याचा त्याने सांभाळायचा.

न उघडलेली खोकी

इथवर आलेल्या बहुतेकांना एक व्याधी जडते: बनवण्याच्या वेगापेक्षा घेण्याचा वेग वाढतो. जपानीत पुस्तकं घेऊन न वाचता रचून ठेवण्याला ‘त्सुन्दोकू’ म्हणतात. तशाच न बांधलेल्या किटच्या ढिगाला ‘त्सुमीपुरा’. आपल्याकडे त्याला घरची माणसं ‘पसारा’ म्हणतात.

गंमत अशी, की न उघडलेलं खोकंही स्वस्थ बसत नाही. जुन्या किटमधल्या व्हिनाइलच्या टायरमधून मऊपणा टिकवणारं रसायन हळूहळू पाझरतं आणि ज्या प्लॅस्टिकला टायर टेकला असेल ते खातं. तीस वर्षं जपलेलं खोकं उघडावं, तर काचेवर टायरच्या नक्षीचा खड्डा. पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, म्हणजे डिकल, पिवळी पडतात; ती खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस उन्हात ठेवली की पुन्हा पांढरी होतात, हा मात्र नेहमीचा इलाज. पन्नासच्या दशकातल्या काही अमेरिकी नमुन्यांचं ॲसिटेट तर आपोआप वाकतं. छत खचलेलं, बंपर वर गेलेलं. शहाणा संग्राहक पहिल्याच दिवशी टायर वेगळ्या पिशवीत घालतो. त्याहून शहाणा गाडी बनवून टाकतो.

एकास चोवीसची पद्मिनी

मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरल्या, तेव्हा मी ती गाडी खोक्याशिवाय, प्लॅस्टिकच्या कोऱ्या पत्र्यातून बनवायला घेतली. पोर्शे विकत घेण्याची ऐपत नव्हती, पण सोसायटीतल्या काकांची क्रीम रंगाची पद्मिनी गॅरेजमध्ये उभी होती. शिंप्याची टेप घेऊन तिच्याभोवती फिरताना काकांनी पाहिलं.

“काय रे, गाडी विकत घेतोयस की तिला शर्ट शिवतोयस?”

पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४ सेंटीमीटर. भागिले चोवीस, पावणेदहा. छपराचा बाक मात्र टेपने मोजता येईना. पुठ्ठा कापत, छतावर धरत, पुन्हा कापत सहा शनिवार गेले. बॉडी झाली, पिवळं छप्पर झालं, आत सीट बसल्या. गेल्या महिन्यात ती काकांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून खिडकीतून आत पाहिलं.

“गिअर कुठाय?”

मी जमिनीकडे बोट दाखवलं. खाली एक दांडी लावली होती. काकांनी मान हलवली. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. त्यांचा डावा हात आपोआप वर आला, हवेतल्या दांड्याला भिडला, स्वतःकडे ओढून खाली गेला, क्षणभर थांबला आणि वर सरकला. मी टेप काढली नाही. घरी येऊन जमिनीवरची दांडी उपटली आणि तांब्याची तार तासायला घेतली. ती अजून जाडच दिसते आहे.