बंधित वखारीतील आयात कापड : वाद कशामुळे उद्भवतात आणि कसे टाळता येतात

परदेशातून आलेल्या मालावर बंदरात सीमाशुल्क भरावे लागते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तथापि, काही माल शुल्क न भरताच कारखान्यात पोहोचतो, तेथे त्याचे कपडे शिवले जातात आणि ते कपडे पुन्हा परदेशी रवाना होतात, हे फार थोड्यांना माहीत असते. ही सवलत कायद्याने दिलेली आहे. मात्र तिच्याबरोबर हिशेबाची एक कठोर जबाबदारीही येते. या हिशेबात काही मीटर कापडाचा मेळ लागला नाही, तर कारखानदारावर शुल्क, व्याज आणि दंड यांची मागणी होऊ शकते. प्रसंगी लहान कारखाना बंद पडतो आणि तेथे शिवणकाम करणाऱ्या कामगारांचा रोजगार जातो. उलटपक्षी, शुल्क न भरलेले कापड चोरवाटेने बाजारात शिरले, तर त्याचा फटका आपल्या यंत्रमागधारकांना बसतो. म्हणून हा विषय केवळ वकील व दलाल यांच्यापुरता मर्यादित नाही. सीमाशुल्क हा केंद्र शासनाच्या अखत्यारीतील विषय असला, तरी त्याचे परिणाम आपल्या गावांपर्यंत पोहोचतात.

इंदूर आणि कापड

इंदूरचा आणि कापडाचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या कारकिर्दीत या शहरात संस्थानची कापड गिरणी उभी राहिली. पुढे हुकुमचंद, माळवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल अशा गिरण्यांनी हजारो कुटुंबांना पोसले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या गिरण्यांना उतरती कळा लागली. हुकुमचंद गिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. गिरण्यांच्या पडत्या काळात तयार कपड्यांचा धंदा मात्र टिकून राहिला व वाढला. परदेशीपुऱ्यातील तयार कपड्यांचे संकुल आणि शेजारच्या धार जिल्ह्यातील पीथमपूरची औद्योगिक वसाहत ही त्याची ठळक उदाहरणे होत. पीथमपूर येथे विशेष आर्थिक क्षेत्र आहे, तसेच समुद्रापासून दूर असलेल्या कारखान्यांच्या सोयीसाठी कंटेनर डेपोही आहे. त्यामुळे न्हावाशेवा बंदरात उतरलेला माल मोहोरबंद कंटेनरमधून थेट माळव्यात आणून येथेच त्याची सीमाशुल्क तपासणी करता येते.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुतज्ज्ञाकडून बांधून घेतलेला माणिकबाग राजवाडा पुढे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क खात्याच्या कार्यालयासाठी वापरात आला.

बंधित वखार म्हणजे काय

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ याच्या नवव्या प्रकरणात वखारींविषयीच्या तरतुदी आहेत. आयातदाराने माल उतरवून घेताना लगेच शुल्क न भरता तो परवानाप्राप्त वखारीत ठेवावा आणि त्याबद्दल शासनास बंधपत्र लिहून द्यावे, अशी ही योजना आहे. कलम ५९ अन्वये हे बंधपत्र निर्धारित शुल्काच्या तिप्पट रकमेचे असावे लागते. माल देशात वापरण्यासाठी बाहेर काढला की शुल्क भरावयाचे. परदेशी पाठवला तर शुल्क माफ. या बंधपत्रावरूनच अशा वखारीस ‘बंधित वखार’ किंवा व्यवहारात ‘बाँड’चे गोदाम म्हणतात.

कलम ६५ याच्या एक पाऊल पुढे जाते. परवानगी घेऊन वखारीतच मालावर प्रक्रिया करण्याची, म्हणजे कापड कापून, शिवून, धुऊन, इस्त्री करून कपडा तयार करण्याची, मुभा या कलमाने दिली आहे. त्यासाठी पूर्वी १९६६ ची नियमावली होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी नियमावली अंमलात आली. याखेरीज संपूर्ण उत्पादन निर्यात करणाऱ्या कारखान्यांची योजना डिसेंबर १९८० मध्ये सुरू झाली. असे कारखानेही दीर्घकाळ बंधित वखार म्हणूनच चालत. ऑगस्ट २०१६ पासून त्यांना वखारीच्या परवान्याची गरज उरली नाही. मात्र सवलतीने आणलेल्या मालाचा हिशेब देण्याची जबाबदारी कायम राहिली.

कुलपाकडून वहीकडे

पूर्वीच्या पद्धतीत वखारीच्या दारास दोन कुलपे असत: एक मालकाचे, दुसरे सीमाशुल्क खात्याचे. अधिकारी हजर असल्याशिवाय एक तागाही बाहेर काढता येत नसे. अधिकाऱ्याच्या वेतनाचा खर्च कारखानदाराकडून वसूल केला जाई. या पद्धतीत विलंब होई, परंतु अधिकाऱ्याची सही हाच पुरावा ठरे.

१४ मे २०१६ पासून कायद्यात मोठा बदल झाला. कारखान्यांच्या खाजगी वखारींवरील प्रत्यक्ष कुलपाचे नियंत्रण जाऊन नोंदींवर आधारित नियंत्रण आले. आता कारखानदाराने स्वतःच संगणकावर आवक, वापर, उत्पादन, जावक आणि शिल्लक यांच्या नोंदी ठेवावयाच्या आणि महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत मासिक विवरणपत्र सादर करावयाचे, अशी रीत आहे. या बदलाने काम सुलभ झाले यात शंका नाही. परंतु त्याचबरोबर पुराव्याचा सर्व भार कारखानदाराच्या वहीवर आला. वही बिनचूक असेल तर ती ढाल आहे. वही अपुरी असेल तर तीच त्याच्या विरुद्धचा पुरावा ठरते.

मीटर कोठे जातात

सर्वाधिक वाद कापडाच्या वापरावरून होतात. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कारखान्याने १०,००० मीटर कापड शुल्काविना आणले. एका शर्टास कातरणीसह २ मीटर कापड लागते असे त्याने कळविले. त्याने ४,७०० शर्ट निर्यात केले, म्हणजे ९,४०० मीटर कापड वापरले गेले. तपासणीच्या वेळी गोदामात २०० मीटर शिल्लक आढळले. मग उरलेले ४०० मीटर कोठे गेले? अधिकाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती बाजारात विक्री झाल्याची. कलम ७२ अन्वये, ज्या मालाचा समाधानकारक हिशेब दिला जात नाही, त्यावरील शुल्क, व्याज व दंड मागण्याचा अधिकार त्यास आहे.

परंतु ४०० मीटरचा फरक प्रामाणिक कारणांनीही पडू शकतो. ५८ इंच पन्ह्याचे म्हणून मागविलेले कापड प्रत्यक्षात ५६ इंच निघाले, तर प्रत्येक शर्टास अधिक लांबी लागते. विणलेले कापड पाण्यातून काढल्यावर आटते. होजिअरीचे कापड तागा उलगडून ठेवला तरी आकसते. प्रत्येक ताग्याच्या शेवटी एखादा तुकडा उरतो. दोन ताग्यांच्या रंगछटा जुळल्या नाहीत तर ते एका शर्टात वापरता येत नाहीत. ग्राहकाने मोठ्या मापांचे शर्ट अधिक मागविले, तर सरासरी वापर वाढतो. नमुन्यांसाठी कापड जाते. शिवणीत दोष आलेले नग नाकारले जातात. ही सर्व कारणे खरी असली, तरी ती घडली त्या दिवशीच वहीत नोंदली गेली पाहिजेत. दोन वर्षांनी नोटीस आल्यावर दिलेले स्पष्टीकरण, ते कितीही खरे असो, बनावट वाटते.

मोजमापाच्या एककाचाही प्रश्न आहे. विणलेले कापड मीटरने, होजिअरीचे कापड किलोने खरेदी होते, तर काही शुल्कदर चौरस मीटरवर किंवा किलोवर असतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होजिअरी कापडाच्या ९ शुल्कशीर्षांवरील मूळ सीमाशुल्क ‘२० टक्के किंवा किलोस ११५ रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते’ असे करण्यात आले. अशा ठिकाणी वजनातील थोडी तफावतही शुल्काच्या रकमेत दिसून येते. एका वहीत मीटर व दुसरीत किलो असेल, तर दोहोंचा मेळ घालणारे प्रति चौरस मीटर वजन नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.

चिंध्यांचा प्रश्न

कापड कापल्यावर कातरण उरणारच. ही कातरण कचरा म्हणून विकून टाकली जाते आणि येथेच अनेकदा नकळत नियमभंग होतो. कलम ६५ मध्ये याबाबत स्पष्ट तरतूद आहे. निर्यात झालेल्या कपड्यांच्या कामातून निघालेल्या कातरणीतील कापडावरचे शुल्क माफ होते. अट इतकीच की ती कातरण नष्ट केली पाहिजे, अथवा ती कातरण म्हणूनच आयात झाली असे समजून तेवढ्यापुरते शुल्क भरले पाहिजे. मात्र कपडे देशातच विकले असतील, तर त्यांच्या कातरणीत गेलेल्या कापडावरही मूळ कापडाप्रमाणे शुल्क द्यावे लागते. म्हणून चिंध्यांचे वजन करणे, ती कोणत्या मागणीतील आहे ते लिहिणे आणि विल्हेवाटीचा कागद जपणे, ही कामे क्षुल्लक मानू नयेत.

मुदत व दर : न्यायालयांचे दोन निर्णय

माल वखारीत पडून असताना शुल्काचा दर बदलला तर कोणता दर लागू होणार? या प्रश्नावर अनेक दावे झाले. किरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात १९७८ साली कापड व कापडी वस्तूंवर बसविण्यात आलेल्या अतिरिक्त शुल्काचा वाद होता. माल त्यापूर्वीच देशात येऊन वखारीत होता. पण तो नंतर बाहेर काढला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निर्णय दिला की, वखारीतील मालाने सीमाशुल्काची सीमा ओलांडली असे, तो वखारीतून बाहेर काढून देशातील मालात मिसळतो तेव्हाच म्हणता येते. तात्पर्य, माल बंदरात उतरल्याचा दिवस येथे निर्णायक नाही.

दुसरा निर्णय केसोराम रेयॉनच्या प्रकरणातील, १९९६ चा. वखारीत माल ठेवण्याची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही, तर माल प्रत्यक्षात तेथेच असला तरी तो त्या दिवशी अनुचितरीत्या बाहेर काढला गेला असे कायदा मानतो आणि त्या दिवसाचा दर लागू होतो, असे न्यायालयाने ठरविले. दर उतरण्याची वाट पाहत मुदत उलटू देणाऱ्या आयातदारांना हा निर्णय जागे करणारा ठरला. कलम ६५ खालील कारखान्यांच्या मालास आता वापर होईपर्यंत वा बाहेर काढेपर्यंत मुदत आहे; तरी इतर वखारींतील मालास हे तत्त्व आजही लागू पडते.

नोटीस आल्यास

नोटीस आली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे. ‘कारणे दाखवा’ नोटिशीस लेखी उत्तर देण्याचा आणि प्रत्यक्ष सुनावणीचा हक्क कायद्याने दिलेला आहे. कलम २८ खालील शुल्कमागणी साधारणतः दोन वर्षांच्या आत करावी लागते; संगनमत, हेतुपुरस्सर खोटे निवेदन किंवा माहिती दडविणे असेल तर ही मुदत पाच वर्षे होते. आयुक्ताहून कनिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश मान्य नसल्यास ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे आणि त्यानंतर तीन महिन्यांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. पहिल्या अपिलासाठी वादग्रस्त रकमेच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते. सात-आठ शिवणयंत्रे चालविणाऱ्या उद्योजकास हीसुद्धा मोठी रक्कम असते. म्हणूनच वाद जिंकण्यापेक्षा वाद उद्भवू न देणे श्रेयस्कर.

आपला संबंध कोठे येतो

मोठे कारखाने कापलेले भाग शिवणकाम, भरतकाम किंवा धुलाईसाठी बाहेर देतात. हे काम बहुधा लहान कारखाने आणि गावोगावच्या महिलांकडे येते. असा माल घेताना चलन क्रमांक, तारीख व नगांची संख्या लिहून घ्यावी. परत देताना उरलेल्या तुकड्यांसह पोच घ्यावी. शुल्काविना आलेला तुकडा घरच्या वापरासाठी ठेवणे वा विकणे ही बाब लहान वाटली, तरी त्यामुळे काम देणाऱ्याचा हिशेब बिघडतो आणि पुढचे काम बंद होते.

दुसरी बाजूही विसरता कामा नये. बुऱ्हाणपूर, मालेगाव, इचलकरंजी, भिवंडी येथील यंत्रमागधारक सूत, वीज व मजुरी यांचा खर्च करून कापड विणतात. निर्यातीच्या नावाने शुल्काविना आणलेले कापड याच बाजारात विकले गेले, तर त्यांचे कापड त्या भावात उभे राहू शकत नाही. अधिकाऱ्याने प्रत्येक मीटरचा हिशेब मागणे हे या विणकरांच्या दृष्टीने संरक्षण आहे. त्याच वेळी, आटलेले कापड आणि चोरलेले कापड यांतील भेद ओळखणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी वर दिलेले १०,००० मीटरचे उदाहरण गणिताच्या तासाला अवश्य घ्यावे. कापडाचा पन्हा दोन इंचांनी घटला तर किती मीटर अधिक लागतील, हे मुलांनी काढून पाहावे. ज्या कारखान्यात वही रोजच्या रोज लिहिली जाते, तेथे अधिकारी व उद्योजक यांच्यात संशयाला जागा उरत नाही, आणि अशा कारखान्यातील शिवणयंत्रे नोटिशीमुळे थांबत नाहीत.