रायफल विकत घेण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे असता भेल वसाहतीत राहणारे एक गृहस्थ माझ्याजवळ आले. त्यांची कन्या आमच्या शाळेत आठवीत शिकते आणि शाळेच्या नेमबाजीच्या वर्गाला नियमाने येते. गृहस्थ म्हणाले, "बाई, मुलीला रायफल घेऊन द्यायची म्हणतो. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढण्याचा अर्ज दिला आहे. चांगली कोणती, तेवढे सांगा."

"अहो, अर्ज चार दिवस थांबवता येईल का?" मी विचारले. त्यांना त्याचे नवल वाटले. परंतु हा प्रश्न मी का विचारला, तेच आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

भोपाळात अशी इच्छा मनात येणे स्वाभाविक आहे. मोठ्या तलावापलीकडे बिशनखेडी येथे राज्य नेमबाजी अकादमीची मैदाने आहेत. मार्च २०२३ मध्ये तेथे विश्वचषक स्पर्धा भरली. मे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकसाठी भारतीय संघ निवडण्याच्या शेवटच्या चाचण्याही तेथेच झाल्या, आणि त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. हे सारे पाहिलेल्या मुलामुलींनी घरी रायफलीचा हट्ट धरला, तर त्यात गैर काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ पालक परदेशी मासिके चाळून अर्धस्वयंचलित रायफलीविषयी विचारतात. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची काडतूस आपोआप नळीत येऊन बसते, अशी ती रचना असते. आपल्या कायद्याने ३०३ अथवा ७.६२ मिलिमीटर अशा लष्करी मापाच्या रायफली सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. शिवाय खेळासाठी त्या रचनेचा काही उपयोगही नाही, कारण आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे रायफल प्रत्येक वेळी हाताने भरावी लागते. शाळकरी मुलांच्या कामाची रायफल म्हणजे दहा मीटरवरून ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सोडणारी हवेची रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार, ज्या हवेच्या रायफलीची शक्ती वीस जूलपेक्षा अधिक नाही आणि माप ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठे नाही, तिला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीची शक्ती साधारण साडेसात जूल असते. तथापि परवाना नको म्हणजे खेळणे नव्हे. छर्रा डोळ्याला लागल्यास डोळा जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मध्यम किमतीची रायफल घ्यावयाची, तर तिची पारख कशी करावी?

पहिली पारख शरीराची. रायफल आधी मुलाच्या अंगाला बसली पाहिजे. नियमाने साडेपाच किलोपर्यंतचे वजन चालते. पण चालते म्हणून ते तेरा वर्षांच्या मुलीने उचलावे असे नाही. तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावावयास सांगा आणि मग डोळे उघडावयास सांगा. मान न वाकवता, गाल न दाबता डोळा नेमका मागील दर्शिकेच्या छिद्राशी आला, तर दस्ता योग्य. न आल्यास गालाखालची पट्टी व खांद्याचा भाग वरखाली, मागेपुढे करता येतो का ते पाहावे. मूल वाढते, त्याबरोबर दस्ताही वाढला पाहिजे. ज्या रायफलीत ही सोय नाही, ती स्वस्त मिळाली तरी दोन वर्षांत निरुपयोगी होते. त्याचप्रमाणे मुलाचा प्रबळ डोळा कोणता, हे आधी तपासावे. हात उजवा व डोळा डावा, असे बऱ्याच मुलांचे असते.

दुसरी पारख नळीची, आणि येथे थोडे गणित करू. लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. परंतु छर्ऱ्याचे छिद्र त्या ठिपक्याला नुसते स्पर्शले तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की पुरे. दशांशाच्या मोजणीत अगदी मध्यावर १०.९ आणि तेथून दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी. आता रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, दर्शिकेला हात न लावता, पाच छर्रे एकाच लक्ष्यावर मारावेत, आणि असे निदान पाच कागद करावेत. सारे छर्रे पुंजक्याच्या मध्यापासून एका मिलिमीटरच्या आत पडत असतील, तर त्या नळीमुळे प्रत्येक नेमात फार तर चार दशांश गुण जातील. नवख्या मुलाच्या हाताच्या कंपाने मात्र एकेका नेमात दोन-दोन, तीन-तीन गुण जातात. दुप्पट किमतीची नळी हे दोन गुण परत आणून देत नाही. ते सरावानेच येतात. मध्यम किमतीच्या रायफलीच्या बाजूने माझा सर्वांत मोठा पुरावा हाच आहे.

ही परीक्षा निरनिराळ्या छर्ऱ्यांनी करावी. छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४८ ते ४.५१ मिलिमीटर असा किंचित बदलतो आणि प्रत्येक नळीला आपला असा एक छर्रा मानवतो. दुकानदाराने रायफलीबरोबर कारखान्यातील परीक्षेचा कागद दाखविला, तर तो आनंदाने पाहावा, पण आपली परीक्षा सोडू नये.

तिसरी पारख चापाची. चाप सावकाश ओढता तो एका ठराविक जागी अडतो व तेथून अल्पशा दाबाने सुटतो. ही अडण्याची जागा दर वेळी तीच असली पाहिजे. वीस वेळा ओढून पाहावा. कधी जड, कधी हलका असा लहरी चाप मुलाच्या मनात संशय पेरतो. नेम चुकला तो माझ्यामुळे की रायफलीमुळे, हे त्याला कळेनासे होते, आणि मग शिक्षकालाही त्याची चूक दाखविता येत नाही.

चौथी पारख हवेच्या नळकांड्याची. जुन्या पद्धतीच्या रायफलीत स्प्रिंगने हवा दाबली जात असे व झटका बसे. आता नळकांड्यात साधारण दोनशे बार दाबाने हवा आधीच भरून ठेवतात, त्यामुळे झटका जवळजवळ लागत नाही. पण या नळकांड्याला आयुष्य असते. पुष्कळ कारखाने ते दहा वर्षांचे ठरवितात आणि तारीख नळकांड्यावर कोरतात. मुदत संपलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही आणि ते वापरणे धोक्याचेही आहे. त्यात कोरडी, शुद्ध हवाच भरावी. प्राणवायू कदापि भरू नये, त्याने स्फोट होऊ शकतो.

पाचवी पारख रायफलीची नव्हे, विकणाऱ्याची. येथे मी माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी शाळेसाठी दोन रायफली घेण्याचे ठरले, तेव्हा निवड माझ्याकडे होती. दिसायला सुबक आणि किमतीला माफक अशा दोन मी पसंत केल्या. वर्षभरात त्यांच्या हवाबंद रबरी चकत्या झिजल्या. विक्रेत्याकडे सुटे भाग नव्हते, आणि पत्रांना उत्तरही आले नाही. पालकसभेने जमविलेल्या पैशांच्या त्या दोन्ही रायफली आजही कपाटात उभ्या आहेत. तेव्हापासून मी प्रथम विचारते की चकत्या कोठे मिळतात, दुरुस्ती कोण करतो, आणि त्याला किती दिवस लागतात.

आता त्या गृहस्थांकडे परत येऊ. त्यांच्या मनात एक जुनी परदेशी रायफल भरली होती. मोठे नाव आणि निम्मी किंमत. आम्ही तिघे ती पाहावयास गेलो. नळी उत्तम होती, पाचही छर्रे जणू एकाच छिद्रातून गेले. पण नळकांड्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती, आणि दस्ता उंच पुरुषाच्या मापाचा असून तो आखूड करण्याची सोय नव्हती. मुलीने रायफल खांद्याला लावली तेव्हा तोल सावरण्यासाठी तिची पाठ मागे वाकली. ती काही बोलली नाही. वडिलांनी मात्र ते पाहिले आणि रायफल आपल्या हाताने परत पेटीत ठेवली.

मग आम्ही असे ठरविले की सहा महिने तिने वर्गातील रायफलीवरच सराव करावा आणि प्रत्येक आठवड्याचे गुण वहीत लिहावेत. तिचे गुण जोवर तिच्या स्वतःच्या हातामुळे अडत आहेत, तोवर खरेदी नाही. सहा महिन्यांनी तिच्या मापाला बसणारी मध्यम किमतीची नवी रायफल घेतली. निधीतून काढावयाच्या रकमेपैकी निम्मीच रक्कम लागली. उरलेल्यातून कॅनव्हासचे जाकीट, वर्षभराचे छर्रे आणि रायफल ठेवण्यास कुलपाची पेटी आली. या वस्तूंचा खर्च पालक बहुधा विसरतात, आणि मग घरात महाग रायफल असूनही छर्ऱ्यांअभावी सराव थांबतो.

१९५१ साली नेमबाजांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी त्यांच्याच नावाच्या स्पर्धेची आहे. त्या पायरीवर मुलाला साठ नेम पंचाहत्तर मिनिटांत मारावे लागतात, आणि तेथे त्याच्या रायफलीची किंमत कोणी विचारीत नाही. साठावा नेम पहिल्यासारखाच व्हावा, याकरिता रायफल अंगाला बसणारी, विश्वासाची आणि दुरुस्त होणारी हवी. एवढे मिळत असेल तर मध्यम किमतीची रायफल घेण्यात कमीपणा नाही. एवढे मिळत नसेल, तर थांबण्यातही नाही.

ती मुलगी आता दर शनिवारी आपली रायफल घेऊन येते. वही अजून चालू आहे.