सेनापतीचा वारस

दिल्ली आणि मराठे यांचा विषय निघाला की, यमुनेच्या पूर्वतीरी मयूर विहारात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना प्रथम पानिपत आठवते. परंतु त्यापूर्वी बेचाळीस वर्षे, १७१९ साली, पेशवा बाळाजी विश्वनाथ याच दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला होता. हा बाळाजी एकेकाळी सेनापती धनाजी जाधवांच्या पदरी कारभारी होता. मग धनाजींचा स्वतःचा पुत्र चंद्रसेन त्या वेळी कोठे होता? तो छत्रपतींचा पक्ष सोडून मोगलाईत गेला होता. असे का व्हावे?

धनाजी हे सिंदखेडच्या जाधवांच्या, म्हणजे जिजाबाईंच्या माहेरच्या कुळातले. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात त्यांनी राज्य सावरले. १७०७ साली खेडच्या लढाईत ताराबाईंची बाजू सोडून ते शाहू महाराजांना मिळाले आणि शाहूंचा साताऱ्याचा मार्ग मोकळा झाला. १७०८ साली धनाजी वारले. सेनापतिपद चंद्रसेनाकडे आले. परंतु पित्यावरचा विश्वास काही वारसाहक्काने येत नाही. चंद्रसेनाचा कल ताराबाईंकडे आहे, ही शंका साताऱ्यास होतीच. म्हणून महाराजांनी बाळाजीला सेनाकर्ते हे पद देऊन फौज उभारण्याचे काम सोपविले. पित्याचा कारभारी आता पुत्राच्या बरोबरीस आला.

१७११ साली ठिणगी पडली. शिकारीतल्या एका हरणावरून दोघांच्या माणसांत तंटा झाला, असे बखरी सांगतात. बाळाजी जीव घेऊन पुरंदराकडे आणि पुढे पांडवगडाकडे पळाला. बाळाजीला आमच्या हवाली करा, नाही तर आम्ही ताराबाईंकडे जातो, असा चंद्रसेनाचा निरोप आला. महाराजांनी शरणागताला सोडले नाही. हैबतराव निंबाळकरांस चंद्रसेनावर धाडले. पराभव पावून चंद्रसेन आधी ताराबाईंकडे आणि नंतर निजामाकडे गेला. तेथे त्याला भालकीची जहागीर मिळाली. १७१३ साली बाळाजी पेशवा झाला. हरिण हे निमित्त. खरा प्रश्न फौज कोणाच्या हुकमात राहावी, हा होता.

त्याआधी अर्धशतक इंग्लंडातही असाच एक वारस पेचात सापडला होता. हेन्री सॉमरसेटच्या आजोबांनी चार्ल्स राजासाठी १६४६ पर्यंत रॅग्लनचा किल्ला लढविला. नातवाने मात्र क्रॉमवेलच्या राजवटीशी जुळते घेतले, पार्लमेंटात जागाही मिळविली. राजघराणे परतताच तो पुन्हा राजनिष्ठ झाला आणि १६८२ साली ड्यूक झाला. त्याने वाकून घराणे राखले. चंद्रसेनाला वाकणे जमले नाही. त्याचेही घराणे राहिले, पण परक्याच्या आश्रयाने. १७२८ साली पालखेडच्या मोहिमेत तो निजामाच्या बाजूने उभा होता, आणि समोर होता त्याच बाळाजीचा पुत्र बाजीराव.

चंद्रसेनाला केवळ फितूर म्हणून सोडून देणे सोपे आहे. पित्याची कामगिरी ही त्याला घराण्याची मिळकत वाटली. राज्याने मात्र ती झालेली सेवा मानली आणि पुढची सेवा कोण करील, याचा शोध घेतला. सरकारी खुर्चीवर बसणाऱ्या माझ्यासारख्याला यात एक बोध दिसतो. पद वडिलांकडून मिळू शकते. त्या पदावरचा विश्वास ज्याचा त्याने मिळवावा लागतो.